नाळेच्या रक्ताची चोरी

"साहेब, आमच्या दवाखान्यातून रक्त चोरीला गेलंय." पोलीस ठाण्याच्या फोनवर एका सकाळी ऐकलेलं हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत मी सायकलीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत आणि बोकडापासून देवाच्या मुकुटापर्यंत सगळ्याच्या चोऱ्या लिहून घेतल्या होत्या. रक्ताची चोरी पहिल्यांदाच ऐकत होतो. क्षणभर वाटलं, कोणीतरी थट्टा करतंय. पण बोलणाऱ्या बाईंचा आवाज थरथरत होता, आणि थट्टा करणाऱ्याचा आवाज कधी थरथरत नाही.

अकोले तालुक्यातलं ते माझं निवृत्तीच्या आधीचं शेवटचं ठाणं. नावं कोणाचीच देत नाही. त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात आणि मला अजून त्यांच्याकडे जेवायला जायचं असतं.

फोन करणाऱ्या बाई एका छोट्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टर. मी महिला हवालदारांना बरोबर घेऊन तिकडे गेलो. डॉक्टरीणबाई पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं ते मला एका दमात कळलं नाही, म्हणून मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "मॅडम, मी शाळकरी पोरगा आहे असं समजून सांगा."

प्रकार असा होता. भंडारदऱ्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची बाई त्या दिवशी पहाटे बाळंत झाली होती. पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसलं होतं की बाळाच्या हृदयाची डावी बाजू नीट वाढलेलीच नाही. खरं तर बाळंतपण पुण्याला मोठ्या रुग्णालयात व्हायचं होतं, पण कळा आधीच सुरू झाल्या आणि पुण्याची वाट धरण्याइतकाही वेळ मिळाला नाही. मुलगा झाला. त्याच्यावर दोन-तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया होणार होत्या, पहिली लगेचच. त्याशिवाय त्या रुग्णालयात एक नवा प्रयोग रीतसर परवानगीने चालू होता. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त जपून घ्यायचं, त्यातल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांना आता सगळे स्टेम सेल म्हणतात त्या, वेगळ्या काढून गोठवून ठेवायच्या आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच बाळाच्या हृदयाच्या स्नायूत सोडायच्या. अर्ध्या हृदयावर पूर्ण हृदयाचं काम पडणार, तर त्या अर्ध्याला बळ मिळावं, ही आशा.

"गुण येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण साहेब, नाळ एकदाच कापली जाते. हे रक्त पुन्हा मिळत नाही. आणि जितका उशीर होईल तितक्या पेशी मरत जातात. उद्या सकाळपर्यंत ते प्रयोगशाळेत पोहोचलं नाही, तर विषय संपला."

बाळाला घेऊन बाप अॅम्ब्युलन्समधून तडक पुण्याला निघाला होता. रक्ताची पिशवी सीलबंद करून निळ्या डब्यात ठेवायला थोडा वेळ लागणार होता आणि तेवढी कळ काढायला बाळाला सवड नव्हती. म्हणून डबा मागून दुसऱ्या गाडीने जायचा ठरला. गाडीवाला डिझेल भरून येईपर्यंत डबा डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर होता. तो आला तेव्हा बाक रिकामा होता.

मी ठाण्यात फोन करून नोंद घ्यायला सांगितली. आमचे ठाणे अंमलदार कागदाला पक्के. पलीकडून शांतपणे विचारलं, "साहेब, चोरीस गेलेल्या मालाचं वर्णन काय लिहू?"

"निळा डबा. आत नाळेचं रक्त."

"मालक कोण?"

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बाळच म्हणायचं." बाळाला अजून नाव नव्हतं. अंमलदारांनी आईच्या नावापुढे 'यांचे नवजात बालक' असं लिहिलं आणि पुढे विचारलं, "मग फिर्यादी सज्ञान नाही म्हणू का?" मी फोन ठेवला.

डॉक्टरीणबाईंचा संशय एका माणसावर होता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावरच बसला. रक्त साठवणाऱ्या एका खाजगी पेढीचा एजंट त्या दिवशी सकाळीच पेढे घेऊन हजर झाला होता. नाळेचं रक्त आमच्याकडे ठेवा, पुढे म्हातारपणापर्यंत उपयोगी पडेल, असं सांगून बाळंतिणींच्या घरच्यांना गळाला लावणं हा त्याचा धंदा. या बाळाचं रक्त पुण्याला प्रयोगासाठी जाणार आहे, असं कळल्यावर त्याने बरीच हुज्जत घातली होती आणि तो त्या बाकाजवळच घुटमळत होता.

एसटी स्टँडासमोर तो मिसळ खाताना सापडला. ठाण्यात आणून समोर बसवला. माझा एक अनुभव सांगतो. चोरी केलेला माणूस ठाण्यात आला की खोलीभर नजर फिरवतो आणि दार कुठं आहे ते आधी पाहून ठेवतो. न केलेला माणूस फक्त तुमच्याकडे पाहतो. हा गडी माझ्याकडेच पाहत होता आणि त्याच्या मिशीला तर्री लागलेली होती. माझा उत्साह तिथंच निम्मा ओसरला, तरी प्रश्न विचारावे लागतातच.

"डबा कुठं आहे?"

"साहेब, आईशप्पथ, मी डब्याला हात लावला नाही. मी तो घेऊन काय करू? सहीशिवाय आमची लॅब घेतच नाही. आणि त्या बाई मला बाकाजवळ उभं तरी राहू देत होत्या का?"

"कोणत्या बाई?"

"बाळाची आत्या. उंच, कासोट्याचं लुगडं नेसलेल्या. मी त्यांना एवढंच म्हणालो की मावशी, या नाळेत बाळाचा जीव आहे, तो असा कुठं पाठवू नका, आमच्याकडे जपून ठेवा. तर त्या माझ्या अंगावर धावून आल्या. म्हणाल्या, आमचा जीव आमच्या अंगणात राहील, तुला कशाला पायजे?"

मी खुर्चीतून उठलोच. त्या एका वाक्याने डोक्यात लख्ख उजेड पडला. हवालदारबाईही माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण त्या याच भागातल्या. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, वार कुठं आहे, ते विचारलं का आपण?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूल जन्मल्यावर जी वार पडते, ती आमच्याकडे खेड्यांत फेकत नाहीत. नवं मडकं आणतात, हळदकुंकू वाहतात आणि घरामागे नहाणीच्या जागी, जिथं बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी मुरतं तिथं, ती पुरतात. ते काम सुईणीने करायचं. वार नीट तोंड वर करून पुरली तर मूल त्या घराला धरून राहतं, असं मानतात. खरं-खोटं करत बसण्याचं माझं काम नव्हतं. मला डबा हवा होता.

आम्ही धावतपळत प्रसूतिगृहात परतलो. तिथली आया कोपऱ्यात फडकं पिळत होती. तिला विचारताच तिने भराभरा सांगून टाकलं, कारण तिला तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

"आत्याबाईंनी मला वार मागितली. मी म्हनलं, ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली, आता द्येता येत न्हाई. मग त्या म्हनल्या, मंग त्या निळ्या डब्यात काय हाय? मी म्हनलं, त्यात नाळेचंच हाय, पुन्याला चाललंय."

"आणि डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं?"

यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. सकाळी नातेवाइकांना डब्याचं महत्त्व पटावं म्हणून त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "हा डबा जिवापाड सांभाळा. यातच बाळाचा जीव आहे." आत्याबाईंनी ते शब्दशः पाळलं होतं.

मी आत बाळंतिणीकडे गेलो. हवालदारबाई पुढे, मी दाराशी. पोरगी विशी-बाविशीची. कुशीत बाळ नाही, छाती दुधाने भरलेली, डोळे छताला लागलेले. हवालदारबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि विचारलं, तशी ती रडायला लागली.

"वन्संनीच नेला असंल. पन त्यास्नी काय करू नका साहेब. पयलं पोर बी असंच हुतं. काळंनिळं पडायचं. त्याची वार दवाखान्यातल्या बायांनी कचऱ्यात टाकली. पोरानं आठवडा बी काढला न्हाई. तवापासून वन्सं म्हनत्यात, दुसऱ्याची मी टाकू देनार न्हाई."

मी तिथून बाहेर आलो तेव्हा मला राग कोणाचाच येत नव्हता. पण आता एकेक मिनिट मोलाचं होतं. सीलबंद पिशवी फोडून मडक्यात ओतली की सगळं संपणार होतं. आत्याबाई सकाळच्या जीपने वर गेल्या होत्या. त्यांचा फोन बंद. वाडीच्या पोलीस पाटलांना फोन लावला तर आवाज तुटत होता. एवढंच कळलं की नहाणीमागं खड्डा खणलाय आणि पलीकडच्या पाड्यावरून सुईणीला बोलवायला माणूस गेलाय. ती म्हातारी भात झोडायला खळ्यावर होती. त्या म्हातारीचे पाय चालीला जड असावेत एवढीच प्रार्थना मी केली.

निघता निघता मी एक काम केलं, त्याचं श्रेय मला अजून घ्यावंसं वाटतं. रिकाम्या हाताने वर गेलो तर रिकाम्या हातानेच परत यावं लागेल, हे मला दिसत होतं. मी आमच्या पोलीस नाईकांना म्हटलं, "दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी संगमनेरच्या रस्त्याला लागलीय. तिला गाठा. या दवाखान्याची पिवळी पिशवी ताब्यात घ्या. आयाला मागं बसवा, तीच ओळखेल."

नाईकांनी मोटरसायकलला किक मारली, मग थांबून विचारलं, "साहेब, गाडी कशासाठी थांबवली म्हणून सांगू?"

"सांगा, साहेबांची वस्तू चुकून गेलीय."

"साहेबांची वार?" म्हणत ते हसले आणि सुटले.

आमची जीप राजूर मागे टाकून घाटाला लागली. वळणावर वळणं. रस्त्याकडेला भाताची कापणी झालेली खाचरं, खळ्यांवर झोडणी चाललेली, खाली धरणाचं पाणी चमकत होतं. एरवी मी या रस्त्यावर चहाला थांबल्याशिवाय कधी गेलो नाही. त्या दिवशी चालक म्हणाला, "साहेब, गाडीत मी तुमच्या जागी असतो तर डोळे मिटून घेतले असते." मी म्हटलं, तू मिटू नकोस म्हणजे झालं.

वाडीवर पोहोचलो तर दहा-वीस माणसं घरामागे जमलेली. हळदकुंकवाची तबकडी, नवं मडकं, खणलेला खड्डा, कडेला काढून ठेवलेली फरशी. सुईण म्हातारी नुकतीच आली होती आणि पाय धूत होती. आणि नहाणीच्या दगडावर, सावलीला, आत्याबाई बसलेल्या. डबा मांडीवर, त्याच्यावर लुगड्याचा पदर ओढलेला. सील शाबूत होतं. मी मनातल्या मनात त्या म्हातारीच्या पायांना नमस्कार केला.

हवालदारबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "घेऊ का काढून?" मी मानेनेच नको म्हटलं. त्या बाईची डब्यावरची पकड मला दिसत होती. ओढाताण झाली असती तर डबा दगडावर आपटला असता, आणि मग आम्ही आरोपी पकडून माल घालवला, असं झालं असतं. अशा वेळी खाकी अंगात असणं अडचणीचंच. मी टोपी काढली आणि समोर मातीतच बसलो.

"आत्याबाई, डबा द्या."

"न्हाई."

"तो पुण्याला न्यायचाय. बाळाच्या उपचाराचा आहे."

"साहेब, तुमी शिकल्याली मानसं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पयल्या पोराच्या बारीला बी डॉक्टरांनी असंच सांगितलं हुतं. समदं न्या म्हनलं आमी. पोर नेलं, वार नेली. पोर फडक्यात गुंडाळून परत दिलं, वार दिलीच न्हाई. आता डॉक्टरच म्हनत्यात ह्यात पोराचा जीव हाय. मंग तो जीव मी अनोळखी गाडीवाल्याच्या हाती देऊ?"

डॉक्टर म्हणाल्या ते त्यांनी ऐकलं होतं, आयाने सांगितलं ते ऐकलं होतं आणि एजंटाने ओरडून सांगितलेलंही ऐकलं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. मी वाद घातला नाही. विचारलं, "आत्याबाई, पुरायची असते ती वार. बरोबर?"

"व्हय."

"आणि या डब्यात वार नाही. रक्त आहे. ते बाळाच्याच काळजात परत घालायचं आहे. मडक्यात नाही."

त्या पहिल्यांदा डब्याकडे पाहायला लागल्या. पदर थोडा बाजूला केला. "काळजात? कसं काय?"

मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. बाळाचं हृदय अर्धंच काम करतं, त्याला बळ देण्यासाठी त्याचंच रक्त जपून ठेवायचं आणि मोठं ऑपरेशन करताना त्यातलं सत्त्व त्याच्याच हृदयात सोडायचं. जमेलच याची खात्री नाही, हेही सांगितलं. म्हातारी सुईण पाय पुसत ऐकत होती. ती मधेच म्हणाली, "रगत पुरत न्हाईत बाई. म्या कदी पुरलं न्हाई. वार आन, मंग बोलू."

आत्याबाईंनी डबा मांडीवर नीट धरला. मग म्हणाल्या, "वार तर कचऱ्यात गेली ना."

नेमक्या त्याच वेळी बिनतारी संचावर नाईकांचा आवाज आला. गाडी संगमनेरच्या अलीकडे मिळाली, पिशवी ताब्यात आहे, आया बरोबर आहे. सगळ्या वाडीने ते ऐकलं. मी इतका खूश झालो की संचावर बोलताना नियमाचे शब्दच विसरलो आणि "शाब्बास रे वाघा" असं ओरडलो. हे नियंत्रण कक्षात सगळ्यांनी ऐकलं आणि पुढे महिनाभर मला ऐकवलं.

"वार मिळाली आत्याबाई. आता?"

त्या उठल्या. डबा पोटाशी धरला आणि म्हणाल्या, "आदी डोळ्यानं बगीन. मंग बोला." आणि स्वतःच जाऊन जीपमध्ये बसल्या. सुईण म्हातारीही मडकं घेऊन मागे चढली. पोलीस पाटलांना त्यांच्या मोटरसायकलवर मागून यायला सांगितलं, म्हणजे म्हातारीला परत आणता येईल.

अकोल्याच्या अलीकडच्या फाट्यावर नाईक उभे होते, हातात पिवळी पिशवी आणि शेजारी आया. आता सगळं सरळ होईल असं मला वाटलं. आत्याबाई खाली उतरल्या, पिशवीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही आमचीच कशावरनं?"

नोकरीत मी पुष्कळ ओळख परेड घेतल्या. सायकलींच्या, दागिन्यांच्या, एकदा तर म्हशींच्याही. अशी नव्हती घेतली. नाईक गोंधळले. पण आया पुढे झाली आणि म्हणाली, "ताई, आज आमच्याकडं एकच बाळातीण. म्याच भरली आन म्याच गाठ मारली. ही माझी गाठ." सुईणीने पिशवी घेतली, रस्त्याच्या कडेला आडोशाला गेली, उघडून पाहिली, हाताने चाचपली आणि परत येऊन मान हलवली. "आजचीच हाय. पुरी हाय. तुटल्याली न्हाई." कोर्टात असा तज्ज्ञ साक्षीदार मला कधी मिळाला नाही.

वार मडक्यात गेली. म्हातारी पाटलांच्या मागे बसून वाडीकडे परत निघाली. मी आत्याबाईंपुढे हात केला. "आता डबा."

"न्हाई," त्या म्हणाल्या.

माझा पारा त्या दिवसात पहिल्यांदाच चढला. पण त्या पुढे म्हणाल्या, "पोराकडंच चाललाय ना? मंग मीच न्हेते. गाडीवाल्याच्या मांडीवर न्हाई ठेवायची मी." आणि पुन्हा जीपमध्ये जाऊन बसल्या.

आमच्या उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन करून हद्दीबाहेर जायची परवानगी मागितली. त्यांनी अर्धी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "जा, बाकीचं उद्या सांग." सायरन लावून आम्ही संगमनेरवरून पुण्याचा रस्ता धरला. मधे आळेफाट्याला चालकाला चहाची तल्लफ आली, त्याला आत्याबाईंनीच दटावलं. डब्यावर ऊन आलं की त्या पदराची बाजू बदलत. चाकणच्या गर्दीत सायरनलाही कोणी हलत नव्हतं, तेव्हा त्यांनी काच खाली करून पुढच्या ट्रकवाल्याला एवढा मोठा आवाज दिला की तो बाजूला झाला. मी मागे वळून पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "काय साहेब, कायद्यात बसत न्हाई का?"

दिवस मावळायच्या आत आम्ही रुग्णालयात होतो. प्रयोगशाळेतल्या मुलीने डबा घेतला, त्यातलं तापमान नोंदवणारं यंत्र पाहिलं आणि म्हणाली, "कुठंच वर-खाली झालेलं नाही. कोणी सांभाळला हा?" मी आत्याबाईंकडे बोट दाखवलं. बाळाचा बाप धावत आला. तोवर त्याला काहीच माहीत नव्हतं, सगळं तिथंच कळलं. त्याने बहिणीचे पाय धरले, आणि त्या काचेपलीकडच्या पेटीत नळ्या लावलेलं एवढंसं पोर पाहत राहिल्या.

"ते काळं न्हाई दिसत," त्या म्हणाल्या. "पयलं असं न्हवतं." मग पहिल्यांदाच त्या रडल्या. मीही खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदारांनी विचारलं, "साहेब, कलम कोणतं लावू?" मी सांगितलं, कुठलंच नाही. एजंटाला समज देऊन सोडला. तो जाताना म्हणाला, "साहेब, त्या बाईंना सांगा, मी पुन्हा येणार नाही." त्याची भीती मला पूर्ण पटली.

पहिली शस्त्रक्रिया निभावली. काही महिन्यांनी दुसरी झाली, आणि त्या वेळी जपून ठेवलेल्या पेशी बाळाच्या हृदयात सोडल्या गेल्या. पुढे तपासणीत त्या हृदयाचं आकुंचन सुधारलेलं दिसलं. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, हे पेशींमुळे झालं का? ते हसून म्हणाले, "एका बाळावरून ते सांगता येत नाही. शस्त्रक्रियेमुळे असेल, पेशींमुळे असेल, दोन्हींमुळे असेल. म्हणून तर प्रयोग चालू आहे." खरं बोलणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटतो, आणि आपल्याला ठाऊक नाही असं मान्य करणाऱ्या डॉक्टरांबद्दल तर जास्तच.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आम्ही पोलीस चोरीत आधी विचारतो, वस्तू कोणाला विकता येईल, कोणाच्या उपयोगाची आहे. ती वस्तू कोणाच्या दृष्टीने काय आहे, हे आम्ही फारसं विचारत नाही. डॉक्टरीणबाईंना त्या डब्यात पेशी दिसत होत्या, एजंटाला गिऱ्हाईक दिसत होतं. आत्याबाईंना गेलेलं एक पोर दिसत होतं. हे आधी कळलं असतं, तर मी एजंटामागे जाण्यात सकाळ घालवली नसती. आणि दुसरं असं की जिद्दी माणसाच्या हातातली वस्तू ओढून घेण्यापेक्षा त्याच जिद्दीला योग्य गाडीत बसवावं. ती वस्तू मग हमखास पोहोचते.

मी निवृत्त झाल्यावर त्या घरून जावळाचं आमंत्रण आलं. मामाच्या मांडीवर पोराचे केस कापले गेले आणि त्याने सगळी वाडी डोक्यावर घेतली. रडताना चेहरा लालबुंद झाला होता, निळा नाही. आत्याबाईंनी मला घरामागे नेलं, नहाणीजवळची फरशी दाखवली आणि म्हणाल्या, "इथं हाय. तोंड वर करून." मग जरा थांबून म्हणाल्या, "साहेब, खरं सांगू? त्या दिशी तुमी डबा हिसकला असता, तर मी दगडावर फोडला असता."

हवालदारबाईंना मानेने दिलेला तो नकार मला आठवला.

त्यांनी पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "कान लावून बगा," म्हणाल्या. मी त्याच्या छातीवर कान ठेवला. शस्त्रक्रियेच्या व्रणाची रेघ गालाला लागली आणि आत धडधड ऐकू आली, जरा घाईची, पण ठाम.

त्या दिवसाच्या स्टेशन डायरीत शेवटची नोंद मीच सांगितली होती, 'मुद्देमाल मूळ मालकास परत करण्यास रवाना.' आता मूळ मालक माझ्या मांडीवर उभा राहून माझा चष्मा ओढत होता, आणि त्याचा माल त्याला पोचलेला होता.